पांढरा धूर मोजत नाहीत

आमचे सुखदेव भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात डोकावतात. भुकेनं नाही, फोडणीचा धूर पाहायला. मिरचीचा ठसका उठला, घरातली माणसं पदर-रुमाल तोंडाला लावून बाहेर पळाली, की हा माणूस खिशातून एक मळकं कार्ड काढतो, एक डोळा मिटतो, कार्डाच्या मधल्या भोकातून कढईकडं पाहतो आणि शांतपणे सांगतो, "नंबर दोन. नोंद घ्या."

नोंद कुणी घ्यायची, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

यात त्यांचा दोष नाही. तीस वर्षं त्यांनी पगारच याचा घेतला. भिलाईच्या प्लँटमध्ये बाकीची माणसं लोखंड वितळवत, रूळ ओढत, क्रेन चालवत. भाऊजी एका ऑफिसच्या गच्चीवर उभे राहून चिमण्यांचा धूर पाहत. कार्डावर चौकोन छापलेले असतात: एका टोकाला पांढरा, तो झिरो, दुसऱ्या टोकाला काळा, तो पाच, मध्ये राखेच्या छटा. धुराचा रंग ज्या चौकोनाशी जुळेल तो त्या धुराचा नंबर. रजिस्टरात लिहायचा, सही करायची, पुढच्या चिमणीकडं वळायचं.

आमचे हे त्यांना चिडवायचे. "सुखदेव, तुले तं आभाळ पाहाचा पगार भेटते."

भाऊजी चिडत नसत. गंभीर होऊन दुरुस्ती करत. "आभाळ नाई दादा. चिमणी अन् आभाळाच्या मधातलं."

आणि हे सगळं पाहताना त्यांच्या स्वतःच्या बोटात सिगरेट असे. आधी बिडी होती. प्रमोशन झालं त्या दिवशी बिडीची सिगरेट झाली. मिशा भरघोस, टोकं पिवळी, मधून धूर. लांबून पाहिलं तर प्लँटचीच एक छोटी चिमणी गच्चीवर चढून बाकीच्या चिमण्यांवर देखरेख करते आहे असं वाटावं. मी एकदा विचारलं, "भाऊजी, हा तुमचा कोणता नंबर?" तर म्हणाले, "हा माया घरगुती धूर हाये, वहिनी. प्लँटच्या हद्दीत येत नाई."

सुखदेव भाऊजी माझे सख्खे दीर नाहीत. मी भंडाऱ्याकडून लग्न होऊन भिलाईच्या कैंप-1 वस्तीत आले तेव्हा आमच्या दोन घरांत एक भिंत होती, आणि तीही अशी की इकडं शिंक आली तर तिकडून "जीते रहो" यायचं. ते यांना दादा म्हणत, म्हणून मी वहिनी. पुढं रिटायर झाल्यावर दोघांनी जवळच्याच कुरुदला शेजारी शेजारी प्लॉट घेतले. हे गेले, पण शेजार राहिला.

आता माझ्याविषयी सांगते, कारण या गोष्टीतला मूर्खपणा अर्धा माझा आहे आणि मी माझा वाटा सोडणारी बाई नाही.

मी नव्यानं आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. सिगरेट वाईट, हे तर मला फारच कळत होतं. भाऊजी दिसले की मी फुप्फुसावर व्याख्यान द्यायची. हातवारे करून द्यायची, कारण तोंड पूर्ण उघडता येत नसे. तोंडात गुडाखू असायचा. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. आमच्या छत्तीसगडात बायका दात घासायच्या निमित्तानं तो बोटानं हिरड्यांना चोळतात, आणि काही बायकांचे दात दिवसातून सहा वेळा घाण होतात. माझे त्यातलेच. कैंपमधल्या एका शेजारणीनं दाढदुखीवर म्हणून बोटभर दिला होता. दाढ पुढं काढून टाकली. गुडाखू राहिला.

तर मी गालात गुडाखू धरून सिगरेटचे तोटे सांगायची, आणि भाऊजी ऐकून घ्यायचे. एका दिवशी त्यांनी खिशातून कार्ड काढलं, एक डोळा मिटला आणि माझ्या दातांसमोर धरलं.

"नंबर तीन," म्हणाले. "पावसाळ्यापरेंत चार होईन."

त्यानंतर मी बरीच वर्षं व्याख्यान तोंड मिटून दिलं, म्हणजे डोळे वटारून.

पण माणूस खरा. इतका खरा की त्रास व्हावा. दर रविवारी आम्ही विहारात वंदनेला बसायचो. पंचशील म्हणताना भाऊजी चार शीलं खणखणीत म्हणत आणि पाचव्याला, नशेपासून दूर राहीन असं जे आहे त्याला, गप्प बसत. शेजारी बसणाऱ्याला तो खड्डा ऐकू यायचा. मी म्हटलं, "भाऊजी, ते दारूबद्दल आहे. सिगरेट त्यात कुठं येते? म्हणून टाका."

"मले जे सुटत नाई ते नशाच हाये," ते म्हणाले. "मंग पाचवं म्हनलं का चवथं मोडते. खोटं बोलनं होते ना."

आणि मी? मी पाचही शीलं मोठ्यानं म्हणायची. गालात डबीतला माल नसे त्या वेळी, एवढी मर्यादा मी पाळली.

आता शकुन. शकुन म्हणजे भाऊजींची बायको. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी, आणि ज्या दिवशी हसली त्या दिवशी दोन घरांत कळावं अशी. तिला दमा होता. तरुणपणी थंडीपुरता, मग पावसापुरता, आणि साठी ओलांडली तसा बाराही महिने. त्या वर्षी दसऱ्यानंतर तिला असा अटॅक आला की नागपूरहून मुलगी आली आणि घेऊनच गेली. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं: ज्या घरात धूर आहे त्या घरात ही बाई राहू शकत नाही.

जाताना शकुन भांडली नाही, रडली नाही. चपला घालता घालता एवढंच म्हणाली, "अजी, धूर बंद झाला का फोन करा. मी येतो."

तिला नागपुरात करमायचं नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मुलीचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर, खाली ओळखीचं कुणी नाही. आणि इकडं भाऊजींना तर स्वतःची चप्पलही तीच शोधून द्यायची. रोज आठ वाजता फोन व्हायचा. कुंपणापलीकडून मला ऐकू यायचा, कारण त्या वयात मला सगळं ऐकू यायचं.

"जेवली?"

"जेवली. तुमी?"

"जेवलो."

मग बराच वेळ दोघं काहीच बोलत नसत. फोन ठेवतही नसत.

त्यांनी सोडायचा प्रयत्न केला, आणि त्यावर देखरेख करायला मी स्वतःची नेमणूक केली. तेव्हा मी तरुण होते. सहासष्ट वर्षांची. अंगात उत्साह होता आणि हातात नवा मोबाईल. बडीशेप झाली, लवंग झाली, पेन्सिल ओठात धरून झाली. पेन्सिलीचं लाकूड चघळून संपलं, सिगरेट संपली नाही. सकाळी सोडत, दुपारी धरत, आणि संध्याकाळी स्वतः येऊन सांगत, "आज बारा." मी न विचारता.

मग एका दुपारी माझ्या मोबाईलवर निरोप आला. कुणीतरी कुणालातरी पाठवलेला, फिरत फिरत माझ्याकडं आलेला. सिगरेट सोडायची आहे? मग विजेवर चालणारी सिगरेट घ्या. आग नाही, राख नाही, धूर नाही. फक्त वाफ. खाली हात जोडलेले आणि तीन गुलाबं. आता मी अशा निरोपांना भीत नाही, पुसून टाकते. तेव्हा माझी समजूत अशी होती की जी गोष्ट इतक्या लोकांनी इतक्या लोकांना पाठवली ती खोटी कशी असेल. शिवाय गुलाबं.

मी कुंपणावरून फोन दाखवला. भाऊजींनी चष्मा चढवून वाचलं. एका शब्दावर बोट ठेवलं.

"वाफ," ते म्हणाले. आणि मग हळूच, जसं काही गच्चीवरच उभे आहेत, "वाफेले नंबर नसते, वहिनी."

हे खरं होतं, म्हणजे प्लँटमध्ये खरं होतं. तापलेल्या कोकवर, म्हणजे भट्टीत भाजलेल्या कोळशावर, पाणी सोडलं की डोंगराएवढा पांढरा ढग उठतो. त्याला कार्ड लावत नाहीत. रजिस्टरात 'वाफ' लिहून सोडून देतात. पांढरा धूर मोजत नाहीत. तीस वर्षं ज्या माणसानं पांढऱ्याला सोडून दिलं, त्याला पांढऱ्यात काही असेल असं कसं सुचावं? आणि मला तर निरोप आला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पावर हाउसच्या बाजारात गेलो. आता ही यंत्रं विकायला बंदी आहे. तेव्हा बंदी यायची होती आणि ती मोबाईलच्या कव्हरांशेजारी टांगलेली असत. दुकानदार चाळिशीतला, कानात वायर. समोर साठी ओलांडलेला मिशाळ माणूस आणि पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी पाहून त्यानं आधी आम्हाला चार्जर दाखवला.

भाऊजींनी त्याला काय हवं ते सांगितलं. मग त्यानं काचेवर तीन नमुने मांडले. एक सिगरेटएवढंच, संपलं की फेकायचं. एक पेनासारखं, त्यात तेल भरायचं, बॅटरी चार्ज करायची. आणि एक काळा डबा, टॉर्चएवढा, त्यावर आकडे चमकत.

"अंकल, पहली बार है तो पेन वाला लो," तो म्हणाला. "भरना आसान, संभालना आसान. डब्बा शौक़ीन लोग लेते हैं."

"टेस्ट सर्टिफिकेट दिखाइए."

"अंकल, ये मोबाइल की दुकान है."

भाऊजींनी मान हलवली, कुठल्याही गरीब खात्याकडं पाहून हलवावी तशी. मग तेलाचा प्रश्न आला. बाटल्यांवर आकडे होते: अठरा, बारा, सहा, झिरो. भाऊजींनी थेट झिरो उचलली. आयुष्यभर कमी नंबर म्हणजे चांगली चिमणी. दुकानदारानं समजावलं की हा नंबर रंगाचा नाही, निकोटिनचा आहे, आणि झिरो घेतलं तर अंकल दोन तासांत सिगरेट मागतील. भाऊजी अडले. अठरा म्हटलं की त्यांना नोटीस काढावीशी वाटे.

इथं मी तोंड घातलं. "दिवसाला किती पिता? बारा. मग बारा नंबर घ्या. सरळ आहे."

यात काय सरळ होतं ते मला आज सांगता येणार नाही. पण मी इतक्या ठामपणे बोलले की दुकानदारानंही "आंटी को मालूम है" म्हणून बारा काढून ठेवली. वासही मीच निवडला. पान होतं, पुदिना होता, तंबाखूचा वास होता. मी म्हटलं आंबा. शकुनला आंबा आवडतो.

आता राहिली यंत्राची निवड, आणि भाऊजी न पाहता काही घेणारे नव्हते. दुकानात उजेड कमी. धूर पाहायचा तो मोकळ्या आभाळावर, सूर्य पाठीशी घेऊन, ठरलेल्या अंतरावरून. "अन् धूर सोडनारा अन् धूर पाहनारा येकच मानूस चालत नाई," ते म्हणाले. "नियम हाये. मंग मानूस आपल्या बाजूनं लिहिते."

दुकानदारानं हात जोडले. उरलं कोण?

तर पावर हाउसच्या भर बाजारात, ऑटोस्टँडच्या कडेला, भाऊजी रस्त्यापलीकडं सूर्याकडं पाठ करून उभे राहिले, कार्डाला डोळा लावला, आणि सहासष्ट वर्षांची मी एक एक यंत्र तोंडात धरून ढग सोडू लागले. छातीत घेतलं नाही. गालात भरलं आणि सोडलं. गालात माल धरून ठेवायचा मला चाळीस वर्षांहून जास्त अनुभव होता, तो त्या दिवशी कामाला आला. फेकायचं यंत्र झालं. पेन झालं. काळ्या डब्यानं मात्र घात केला. त्याचा ढग माझ्या गालात मावेना, नाकातून बाहेर आला आणि माझ्यासमोर मला काही दिसेना.

ढग विरला तेव्हा समोर एक ऑटो थांबलेली होती. आत आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा गेडामबाई. आदल्याच रविवारी मी विहारात 'व्यसनमुक्ती आणि महिला' या विषयावर बोलले होते. गेडामबाईंनी आभार मानले होते.

"जयभीम, सुमनताई," त्या हळू म्हणाल्या.

"जयभीम," मी म्हटलं. उरलेली वाफ त्या शब्दासोबत गेली.

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. जरा तपासणीचं काम चालू आहे."

रस्त्यापलीकडून भाऊजींचा आवाज आला, "वहिनी, अजून येक मारा. मोठा मारा."

ऑटो गेली. पुढच्या वेळी मंडळानं मला 'बालसंगोपन' हा विषय दिला.

तिन्ही यंत्रं पास झाली. भाऊजींनी पेन घेतलं, कारण ते खिशात सरळ उभं राहायचं. खिशाला लावून त्यांनी दुकानाच्या आरशात पाहिलं, आणि मला जाणवलं की त्यांना फार दिवसांनी कुठंतरी निघायचं आहे असं वाटतं आहे.

पुढचे आठ दिवस त्यांनी सिगरेट धरली नाही. आंब्याचा ढग सोडत राहिले आणि घर धूत राहिले. पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, शकुनच्या खोलीला दोन हात चुना दिला. नवव्या दिवशी माझ्याकडं आले.

"फोन तुमी करा, वहिनी."

"मी कावून? तुमची बायको."

"मी केला तं मी माया बाजूनं बोलल्यासारखं होते. तुमी पाह्यलं हाये. तुमी सांगा."

मी फोन केला. आयुष्यात इतक्या तोऱ्यात मी कधी बोलले नसेन. "शकुन, ये तू. मी स्वतः पाहिलं आहे. घरात धूर नाही."

"वहिनी, तुमी म्हनता तं येतो," ती म्हणाली.

ती जानेवारीत आली, दुपारच्या गाडीनं, पावर हाउस स्टेशनलाच उतरली. रिक्षातून उतरताना दारापाशी थांबून तिनं श्वास घेतला, चुन्याचा वास घेतला, आणि हसली. मी चहा टाकला. तिला पलंगावर बसवलं. भाऊजी समोरच्या खुर्चीत बसले, न्हालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. एखाद्या पोरानं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं त्यांनी ते काढलं, लांब ओढलं आणि ढग सोडला. पांढराशुभ्र.

"आंबा?" शकुन म्हणाली. "या दिवसांत आंबा कुठला आनला?"

आणि मग ती खोकली.

आधी वाटलं, प्रवासाचा असेल. मग तिचे खांदे वर उचलले गेले, गळ्याची शीर ताठ झाली, हात पिशवीत दम्याचा पंप शोधू लागला. मी पिशवी पलंगावर उलटी केली. भाऊजींनी खिडक्या उघडल्या, दार उघडलं, आणि मध्येच उभे राहून, मी ते विसरू शकत नाही, म्हणाले, "पन पांढरा हाये, शकुन. पाह्य ना. पांढरा हाये."

पंपाचे दोन दाब गेल्यावर तिला बोलता आलं. रागावली नाही. समजावल्यासारखी म्हणाली.

"अजी, काळा का पांढरा, माह्या छातीले डोळे नाईत."

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

भाऊजींनी पेनाची बॅटरी वेगळी केली, तेल वेगळं केलं, दोन वेगळ्या पुड्या बांधल्या. टाकून द्यायच्या वस्तूलाही शिस्त. मग वरांड्यात गेले आणि आत आले नाहीत. मी घरी आले, गुडाखूची डबी परसात भिरकावली. दुसऱ्या दिवशी सकाळी शोधली. खोटं कशाला सांगू.

चार दिवस मी तिकडं फिरकले नाही. फोन मी केला होता. भाऊजी चुकले ते डोळ्यांवर विश्वास ठेवून. मी तर गुलाबांवर ठेवला होता. रोज कान देऊन ऐकायची, नागपूरची गाडी गाठायला रिक्षा येते का. पाचव्या दिवशी मेथीचा डबा हातात घेतला आणि गेले. रिकाम्या हातानं जायची हिंमत नव्हती.

फाटकात एक अनोळखी माणूस बादली घेऊन उभा होता. गोल तोंड, ओठ उघडे, पोरसवदा. "या वहिनी," म्हणाला तेव्हा कळलं. भाऊजींनी मिशा काढल्या होत्या. चाळीस वर्षांच्या मिशा.

"त्यात वास राह्यते," ते म्हणाले.

वरांड्यात त्यांची बाज होती. गोधडी, कंबल, कानटोपी. शकुन आत, ते बाहेर. दोरीवर कपड्यांची रांग. मी विचारलं, "सुटली?"

"नाई सुटली. काल दोन झाल्या. पन नाल्यापलीकडं जाऊन. मंग आंघोळ, मंग कपडे, मंगच खिडकीपाशी. दोन सिगरेट, दोन आंघोळी."

"थंड पाण्यानं?"

"गरम करा म्हनलं तं चूल पेटवा लागते. धूर होते."

"गॅस आहे ना घरात?"

"घरात हाये. मी कुठी घरात हावो?"

मी हसले. मग थांबले. त्यांची बोटं निळी पडली होती आणि माणूस थट्टा करत नव्हता. सांगून ठेवते, पूर्ण सुटायला होळी उजाडली. ती वाफेनं सुटली नाही, जानेवारीतल्या थंड पाण्यानं सुटली. दोन आंघोळींच्या जागी एक परवडते असं आधी त्यांच्या लक्षात आलं, आणि मग एकही न परवडणारी सकाळ आली. शकुन नागपूरला परत गेली नाही.

पण त्या दिवशी हे काही ठरलेलं नव्हतं. त्यांनी बादली ठेवली, हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले, आणि खिडकीपाशी गेले. शकुनची खोली वरांड्याला लागून, मध्ये लोखंडी गज. ती आतून स्टूल ओढून खिडकीला पाठ लावून बसली. केस मोकळे. हात वर केले की तिला धाप लागते. नागपूरला मुलगी वेणी घालून द्यायची. भाऊजींनी गजांतून दोन्ही हात आत घातले, फणी घेतली आणि विंचरू लागले. टोकाकडून वर, गुंता धरून, ओढ न लागू देता. मुलीची वेणीही ज्या माणसानं कधी घातली नव्हती. ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते, "डावं मधात. उजवं मधात. डावं मधात."

मी डबा हातात घेऊन उभी राहिले. यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. माझे केस कुणी विंचरले होते आणि कधी, ते मी आठवून पाहिलं.

वेणी झाली. त्यांनी रबर लावलं, मान मागं घेतली, एक डोळा मिटला नाही, काही नाही, नुसतेच माझ्याकडं वळले.

"वहिनी, बरी झाली का?"

चांगली झाली होती. शाळेला निघालेल्या पोरीची असते तशी सरळ. शकुन डोळे मिटून, गजांना डोकं टेकून बसली होती, आणि तिच्या श्वासातली घरघर मला ऐकू येत नव्हती.

"वाकडी आहे, भाऊजी," मी म्हटलं. "सोडा आणि पुन्हा घाला."

त्यांनी रबर काढलं.